लेवीय 11 मधल्या सरड्यांची नावं प्रत्येक बायबलमध्ये वेगळी का असतात?

कारण बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात अशुद्ध, म्हणजे न खायच्या प्राण्यांची यादी आहे, आणि ही नावं त्या यादीत नुसती ओळीने दिलीयेत, प्राण्याचं वर्णन काहीच नाही. 11:29-30 मध्ये अशुद्ध सरपटणारे वगैरे 8 जीव आहेत, पहिले दोन मुंगूस-उंदीर टाइप आणि बाकीचे 6 बहुतेक सरडे-पाली, मग भाषांतर करणारे मूळ हिब्रू शब्दाच्या नात्यावरून अंदाज लावतात. त्यातल्या त्यात 'त्साव' बरा सापडतो, अरबीत त्याचा भाऊ 'दब्ब' आहे, म्हणजे काटेरी शेपटीचा वाळवंटी सांडा, जो बेदुईन लोक (अरबी वाळवंटातले भटके) आजही खातात. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याला 'जमिनीवरची मगर' म्हटलंय, 1611 च्या इंग्रजी बायबलने मात्र सरळ कासव करून टाकलं आणि गंमत म्हणजे आजच्या हिब्रूतही त्साव म्हणजे कासवच, त्यामुळे आजची हिब्रू डिक्शनरी उघडून अर्थ लावायला गेलात तर हमखास फसाल.

'कोआख' म्हणजे ताकद, म्हणून बरेच जण घोरपड म्हणतात, ते मला पटतं.

खरा घोळ 'तिन्शेमेत'चा. हाच शब्द त्याच अध्यायात 11:18 ला पक्ष्यांमध्येही आलाय, तिथे घुबड की पाणकोंबडी यावर वाद, आणि इथे कोणी चिचुंद्री म्हणतं कोणी शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा). मूळ धातू श्वासाचा, आणि शॅमेलिऑन घाबरला की अंग फुगवून फुसफुसतो, घुबडाचं पिल्लूही फुसफुसतं, म्हणून दोघांना एकच नाव पडलं असावं. नीतिसूत्रे 30:28 मधली 'सेमामीत' पण तशीच, जुन्या इंग्रजी बायबलात कोळी, नव्यात पाल. राजवाड्यातही सापडणारी म्हटल्यावर आपण तर पालच म्हणणार ना!