सहा मिनिटांच्या चाचणीतील वाढ खरी कधी मानावी?

ताई, केमोथेरपीनंतर सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत तुम्ही ४०४ मीटर चाललात, व्यायामवर्गानंतर ४२० मीटर, आणि केंद्राने ‘लक्षणीय सुधारणा’ असा शेरा दिला. परंतु दोन जिने चढताना लागणारा दम मात्र तसाच आहे, असे तुम्ही लिहिले आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर मीही येथे पुण्यातच अशा पेचात सापडले होते, फक्त माझा आकडा घटला होता. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढील मजकूर एका रुग्णाचे मत म्हणूनच वाचावा.

१६ मीटरचा फरक मला तरी पुरेसा वाटत नाही. चाचणीची ओळख झाली की प्रकृती तीच असूनही दुसऱ्या वेळी अंतर सहसा वाढते. फुफ्फुसांच्या जुनाट आजारांत रुग्णाला जाणवेल असा किमान फरक पूर्वी ५४ मीटर मानत, आता तो ३० मीटरच्या आसपास धरतात. तथापि हे आकडे धाप लागणाऱ्या, मुळातच कमी चालू शकणाऱ्या रुग्णांवरून काढलेले आहेत. ते आपल्याला जसेच्या तसे लावणे मला मान्य नाही. आपल्यापैकी अनेकींचे सुरुवातीचे अंतरच जास्त असते आणि चाचणीत धावायचे नसल्यामुळे वाढीला फारशी जागा उरत नाही.

मला सर्वांत महाग पडली ती मात्र वेगळीच गोष्ट. पहिली चाचणी एका लांब कॉरिडॉरमध्ये झाली आणि पुढची त्याच केंद्राच्या दोन खोल्यांमधल्या आखूड बोळात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुफ्फुसविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००२ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० मीटरचा सपाट मार्ग सांगितला आहे, आणि त्याला कारण आहे. ३० मीटरच्या मार्गावर ४२० मीटर चालताना १३ वेळा वळावे लागते, तर १५ मीटरच्या मार्गावर २७ वेळा; प्रत्येक वळणाला वेग मोडतो. माझ्या अहवालात केवळ ‘घट’ असे नोंदले गेले. मला डॉक्सोरुबिसिन हे हृदयाला इजा करू शकणारे केमोचे औषध दिलेले असल्याने संशय हृदयावर गेला आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) होऊन तो निर्धोक ठरेपर्यंत घरच्यांनी काळजीपोटी माझे फिरणे बंद केले. त्या काळात जी ताकद गेली ती मात्र खरोखरच गेली. कॉरिडॉरची लांबी अहवालात लिहून द्या, एवढीच माझी विनंती होती. ‘नमुन्यात तसा रकाना नाही’ असे सांगून मला प्रत्येक वेळी परत पाठवण्यात आले. एका ओळीच्या नोंदीअभावी रुग्णाला असे भोगावे लागावे, याचा संताप मला आजही येतो.

म्हणून तुम्ही दोन्ही चाचण्यांच्या मार्गाची लांबी, वेळ आणि तो केमोच्या मात्रेनंतरचा कितवा दिवस होता, हे लेखी मागा. मात्रेनंतर लगेच केलेली चाचणी आणि पुढच्या मात्रेच्या आदल्या दिवशी केलेली चाचणी यांची तुलना होऊच शकत नाही. त्या सुमारास हिमोग्लोबिन किती होते, तेही पाहावे. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधामुळे पायाची बोटे बधिर असतील, तर चपलांऐवजी बंदांचे तेच बूट दोन्ही वेळी घालावेत. ट्रेडमिलवरचा आकडा कॉरिडॉरच्या आकड्याशेजारी मांडू देऊ नका.

शिवाय आपल्या रोजच्या जगण्यातले एक माप ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. सारसबागेतली एखादी ठरलेली फेरी बोलत बोलत पूर्ण होते का, मंडईतून भाजीची पिशवी घेऊन येताना कुठे थांबावे लागते, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहा. मीटर वाढले आणि वहीतही फरक दिसला, तर ती सुधारणा मी खरी मानीन. तुमच्या बाबतीत जिना अजून ‘नाही’ म्हणतो आहे, तेव्हा व्यायामाची मात्रा वाढवायची का, हे फिजिओथेरपिस्टला स्पष्ट विचारा. मात्र दम वाढत चालला असेल, पायांना सूज येत असेल किंवा आडवे झाल्यावर श्वास अपुरा पडत असेल, तर पुढच्या चाचणीपर्यंत न थांबता तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.