उभ्या गाडीची बॅटरी कोण खाते?

प्रश्न : आमची सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. मी नोकरीसाठी बेळगावला बसने जात असल्यामुळे गाडी जांबोटी भागातील आमच्या गावी घरापुढेच उभी असते आणि आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर निघते. गेल्या दिवाळीनंतर तिची बॅटरी वारंवार उतरू लागली. सेल्फ मारला की नुसती टिकटिक होते. दुकानदाराच्या सांगण्यावरून ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसवली, तरी तोच प्रकार. गाडी उभी केल्यावर चार-पाच तासांनी मीटर लावला तेव्हा १२.६ व्होल्ट होते. चार दिवसांनी ११.६ भरले. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट येतात. दुकानदार म्हणतात, गाडी कमी चालते म्हणून असे होते, दुसऱ्या कंपनीची बॅटरी घ्या. घ्यावी का? दिवाळीत नवा स्टिरिओ बसवला होता, तेही कळवून ठेवतो.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तिसरी बॅटरी घेऊ नये. आपण कळवलेल्या आकड्यांतच निम्मे उत्तर आहे. शांत असताना १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी पूर्ण भरलेली असते आणि ११.६ म्हणजे ती जवळजवळ रिकामी झालेली असते. १४.२ व्होल्ट येत असल्यामुळे अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे अजून पुष्कळ जण डायनॅमोच म्हणतात, चार्जिंगचे काम नीट करतो आहे. गाडी कमी चालली तर बॅटरी पुरती भरत नाही, एवढे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. पण भरलेली बॅटरी चार दिवसांत का उतरावी, याचा खुलासा त्यातून होत नाही.

आता हिशेब पाहू. चार दिवसांचे ९६ तास होतात. ३५ अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण वीज, भागिले ९६ म्हणजे सुमारे ०.३६ अँपिअर, अर्थात ३५० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह रात्रंदिवस कुठेतरी वाहतो आहे. घड्याळ, सेंट्रल लॉक आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटची स्मृती यांसाठी उभ्या गाडीला थोडी वीज लागतेच, पण ती साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असते. आपल्या गाडीत त्याच्या कितीतरी पट जाते आहे. पाच वॉटचा एक छोटा दिवा १२ व्होल्टवर ०.४ अँपिअर खातो, हे लक्षात घेतले तर संशय कोणावर घ्यायचा ते उघड होते : डिक्कीचा किंवा समोरच्या कप्प्यातला न विझणारा दिवा, नाही तर तो स्टिरिओ. डिक्कीचे झाकण लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे पाहण्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवावा आणि झाकण लावावे. मीटरला हात लावण्याआधी एवढे तरी करून पाहावे.

तरीही बॅटरी आतूनच खराब नाही ना, याची खात्री करून घेणे बरे. ती चार्जरवर रात्रभर ठेवून पूर्ण भरावी, निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे आणि चार दिवसांनी व्होल्टेज पाहावे. १२.५ च्या आसपास टिकले तर बॅटरी निर्दोष आहे आणि दोष गाडीतच आहे. टर्मिनल सुटे असूनही ते घसरले तर दुकानदाराकडे वॉरंटीचा हक्क सांगावा.

गाडीतला दोष शोधताना बहुतेक जण एकच चूक करतात. टर्मिनल काढून मीटर जोडतात, दोन-तीन अँपिअरचा आकडा पाहून घाबरतात आणि समोर दिसेल ती वायर तोडतात. वस्तुतः टर्मिनल पुन्हा जोडले गेल्यावर गाडीतील सगळी कंट्रोल युनिटे जागी होतात आणि पुन्हा झोपायला त्यांना २० ते ४० मिनिटे लागू शकतात. म्हणून आधी बॉनेट उघडून ठेवावे, दारांची कुलुपे स्क्रूड्रायव्हरने आतून बंद स्थितीत ढकलावीत, म्हणजे दारे लागली आहेत असे गाडीला वाटते, आणि चावी दूर नेऊन ठेवावी. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी. मिलिअँपिअरच्या भोकात घातल्यास मीटरचा फ्यूज उडण्याची शक्यता असते. निगेटिव्हचा क्लॅम्प सैल करून मीटरचे एक टोक क्लॅम्पला आणि दुसरे बॅटरीच्या खुंटीला धरावे व मगच क्लॅम्प अलगद उचलावा, म्हणजे संपर्क क्षणभरही तुटत नाही. मीटर अशा रीतीने जोडलेला असताना सेल्फ मारू नये. तेवढा मोठा प्रवाह मीटर सोसू शकत नाही.

अर्ध्या तासाने आकडा स्थिर झाला की फ्यूज एकेक करून काढावेत. ज्या फ्यूजपाशी आकडा एकदम खाली येईल, त्या फांदीवर चोर आहे. मात्र फ्यूज काढून परत बसवला की युनिटे पुन्हा जागी होतात आणि वाट पाहणे आले. त्याऐवजी फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांत मिलिव्होल्ट मोजणे अधिक सोयीचे आहे. १० अँपिअरच्या साध्या फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो, त्यामुळे त्यातून १०० मिलिअँपिअर वाहत असतील तर पाऊण मिलिव्होल्ट दिसतो. वाहत नसेल तर शून्य. फ्यूज जागचा हलवावा लागत नाही. एकही फ्यूज दोषी ठरला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहावी, कारण त्यातला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळका असेल तर चार्जिंग ठीक दिसूनही रात्री वीज उलटी वाहते. ती वायर थेट बॅटरीला जोडलेली असल्याने, बॅटरीचे निगेटिव्ह काढल्याशिवाय तिला पान्हा लावू नये.

माझा कौल स्टिरिओच्या बाजूने आहे. त्याच्या मागची पिवळी वायर कायमच्या पुरवठ्याला आणि लाल वायर चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या पुरवठ्याला जोडायची असते. घाई असली की बसवणारे दोन्ही वायरी एकत्र पिळून कायमच्या पुरवठ्याला जोडून मोकळे होतात. मग पडदा काळा दिसला तरी आतला संच पूर्ण बंद होत नाही. तसे आढळल्यास लाल वायर योग्य जागी नेणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे. तिथे काही न सापडल्यास रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, आणि जोडण्या उघडून पाहाव्यात. आपल्या पट्ट्यातील पावसाळ्यात त्यांच्या पितळेवर हिरवट थर चढतो आणि रिले चिकटून राहतो.

दोष काढल्यावर बॅटरी चार्जरवरच भरावी. तासाभराच्या फेरीत पूर्ण उतरलेली बॅटरी भरत नाही, आणि ती उतरलेल्या अवस्थेत राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट होऊन तिची क्षमता कायमची घटते.

प्रश्न : दोन महिने मुलांकडे पुण्याला राहणार आहोत. गाडीत काही दोष नाही. तरी टर्मिनल काढून जावे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : काढावे. निर्दोष गाडीनेही ३० मिलिअँपिअर घेतले तरी ६० दिवसांत ४३ अँपिअर-अवर खर्च होतात, म्हणजे लहान गाडीची बॅटरी संपलीच. फक्त निगेटिव्ह काढावे. घड्याळ आणि काचांची आपोआप वर जाण्याची सोय परत आल्यावर पुन्हा बसवावी लागेल. सेंट्रल लॉक चालणार नसल्याने चावीने उघडणारे दार कोणते, ते आधीच पाहून ठेवावे, आणि डिक्की केवळ बटणावर उघडत असेल तर तिच्यात गरजेची वस्तू ठेवू नये.