क्रेन म्हणजे बगळा नव्हे!

प्रश्न असा आहे: इंग्रजी ‘क्रेन’ला मराठीत काय म्हणावं, आणि ओझी उचलणाऱ्या यंत्राला पक्ष्याचं नाव कसं पडलं?

आधी सलणारा काटा काढतो. क्रेन म्हणजे बगळा नव्हे. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गानं आजारी पडलेल्या, कागदी पक्षी घडवणाऱ्या हिरोशिमाच्या सदाको सासाकी या मुलीची गोष्ट मराठीत सांगताना कुणी ना कुणी तिच्या हातून ‘कागदी बगळे’ घडवून घेतंच. अहो, ती घडवत होती ते जपानी ‘त्सुरू’, म्हणजे क्रेन. बगळा हा हेरॉन किंवा एग्रेट. तो उडताना मान दुमडून घेतो, क्रेन ती सरळ पुढे ताणून उडतो. एकदा मान वर करून पाहिलं तरी कळतं. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतांतला सारस हा क्रेन, थंडीत येणारा कांड्या करकोचा हाही क्रेन. पण नुसतं ‘करकोचा’ लिहाल तर पुन्हा घोटाळा, कारण कोल्ह्याला सुरईत जेवण वाढणारा इसापचा करकोचा स्टॉर्क आहे. क्रौंच लिहा, सुटाल.

क्रौंच म्हटलं की लगेच ‘बघा, क्रेन संस्कृतातूनच गेला’ म्हणणारे सरसावतात. त्यांना एवढंच सांगतो, की इंग्रजीतला असा ‘क’ संस्कृतातल्या ‘ग’ किंवा ‘ज’शी जुळतो: गो आणि काऊ, जन आणि किन (नातलग). क्रेनची ग्रीक बहीण ‘गेरानोस’, वेल्श बहीण ‘गारान’. दोघींच्या तोंडी ‘ग’च आहे. क्रौंच आणि क्रेन दोन्ही नावं पक्ष्याच्या कर्कश हाकेवरून पडली असतील, म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही.

यंत्राचं म्हणाल तर लांब मान आणि वाकून उचलणं, यात सगळं आलं. ग्रीक ‘गेरानोस’ पक्षीही होता आणि यंत्रही. फ्रेंच ‘ग्र्यू’चं तेच. पोलिश ‘झुराव’ तर पक्षी, यंत्र आणि विहिरीतून पाणी उपसायची लाकडी तुळई, म्हणजे आपल्या कोकणातली लाट, असा तिन्ही ठिकाणी राबतो. यंत्राला मराठीत ‘यारी’ हा सुटसुटीत शब्द आहे. तो कोशात पडून आहे, आणि रस्त्यावर सगळे क्रेनच बोलावतात. बोलावू देत.

खरी गंमत पुढेच आहे. कुत्र्याची ‘पेडिग्री’ विचारणाऱ्याला ठाऊक नसतं, की तो क्रेनच्या पायाबद्दल बोलतोय. जुन्या फ्रेंचमध्ये ‘पिए द ग्र्यू’ म्हणजे क्रेनचा पाय. वंशावळीत बापापासून मुलांकडे जाणाऱ्या तीन फाट्यांची खूण त्या पक्ष्याच्या पावलासारखी दिसे, म्हणून आख्ख्या वंशावळीलाच ते नाव चिकटलं. जिरेनियम या फुलझाडाच्या नावात क्रेनची चोच आहे (त्याचं फळ बघा), क्रॅनबेरीत खुद्द क्रेन.

आणि भूमितीत? शाळेत एकरूप त्रिकोण शिकलात ना, इंग्रजीतले ‘काँग्रुअंट’? मूळ लॅटिन ‘काँग्रुएरे’, जुळणं. फेस्टस हा रोमन कोशकार सरळ सांगतो, की क्रेन, लॅटिनमध्ये ‘ग्रूस’, उडताना आणि चरताना एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून ‘काँग्रुएरे’ म्हणजे क्रेनसारखं एकत्र येणं. आजचे व्युत्पत्तिकार यावर नाक मुरडतात. त्यांचा भर ‘इंग्रुएरे’ या दुसऱ्या क्रियापदावर: त्याचा अर्थ तुटून पडणं, त्यात पक्षी कुठेय? म्हणून दोन्हींचं मूळ ‘रुएरे’, कोसळणं. मग तो मधला ‘ग’ कुठून उपटला, यावर मात्र मला पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. शिवाय तुटून पडणं आणि जुळणं हे एकाच कोसळण्यातून निघालं म्हणायचं, आणि फेस्टसला भाबडा ठरवायचं! क्रेनचा थवा शेतात उतरताना ज्यांनी पाहिलाय त्यांना तुटून पडणं आणि एकत्र येणं यात फार अंतर वाटणार नाही. मला विचाराल तर ‘इंग्रुएरे’सुद्धा क्रेनचंच. ते पुस्तकी विद्वान खुशाल रुएरे-रुएरे करत बसोत, मी फेस्टसच्या बाजूने आहे.