जुन्या सोलरला लिथियम लावायचीय? आधी चार्जर तपासा

या वेळच्या प्रश्नांमधे एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय. घरातलं सोलर बॅकअप जुनं झालंय, ट्युब्युलर बॅटरी (पाणी घालायची लेड ॲसिड) दमलीय, आता लिथियम टाकायची का आणि टाकली तर जुन्या सामानाबरोबर चालेल का. म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न: आमच्याकडे १२ व्होल्टची सिस्टीम आहे. १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी, पॅनलवरून ती चार्ज करणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि जुना इन्व्हर्टर. बॅटरी आता तासभरही टिकत नाही. दुकानदार म्हणतो लिथियम घ्या, त्याच जागेवर बसते, बाकी काहीच बदलायला नको. खरंय का?

बॅटरी त्याच जागेवर बसते, केबल लागतात, दिवेही लागतात, इथपर्यंत त्याचं बरोबर आहे. पण "काहीच बदलायला नको" हे मला अजिबात मान्य नाही, कारण तुमच्या घरात ती बॅटरी चार्ज करणारे दोन चार्जर आहेत आणि दोन्ही लेड ॲसिडच्या हिशोबाने सेट केलेले आहेत. एक म्हणजे पॅनलच्या लाइनवरचा कंट्रोलर आणि दुसरा इन्व्हर्टरच्या पोटातला, जो लाइट असताना मेनवरून चार्ज करतो. लोक कंट्रोलरचं सेटिंग बदलतात आणि हा दुसरा विसरून जातात, आणि मग नवी बॅटरी मधेच बंद पडते म्हणून दुकानात भांडण.

घरगुती वापराची लिथियम म्हणजे बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात. तिचा एक सेल ३.२ व्होल्टचा, १२ व्होल्टच्या पॅकमधे असे ४ सेल एकापुढे एक. एका सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे पूर्ण पॅकची १४.६, त्याच्या वर अजिबात जायचं नाही, आणि रोजच्या वापरात १४.० ते १४.४ मधे थांबलं तर उत्तमच. ट्युब्युलरचे चार्जर मात्र १४.४ ते १४.८ पर्यंत नेतात आणि काही तर अधूनमधून इक्वलायझेशन म्हणून, म्हणजे सगळे सेल सारखे भरायला मुद्दाम जादा चार्ज देऊन, १५ च्याही वर नेतात. ट्युब्युलरला ते औषधासारखं असतं, आतलं पाणी ढवळलं जातं, प्लेटवरचा सल्फेट सुटतो. लिथियममधे ना ते पाणी आहे ना तो सल्फेट, त्यामुळे तिथे इक्वलायझेशन कायमचं बंद पाहिजे.

आता कोणी म्हणेल बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, आहे की आत, तो वाचवेल. वाचवेल, एखाद्या सेलचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला की बीएमएस चार्जिंग तोडतो, पण तो शेवटचा बचाव आहे, रोजचा स्विच नाही. शिवाय भर उन्हात चार्जिंग चालू असताना त्याने अचानक लाइन तोडली तर बॅटरीचा आधार गेल्यामुळे त्या लाइनवरचा व्होल्टेज एकदम उसळतो. १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं ३६ सेलचं पॅनल मोकळं सोडलं तर २१-२२ व्होल्ट देतं, त्यातला बराचसा क्षणभर का होईना कंट्रोलर आणि इन्व्हर्टरच्या अंगावर येऊ शकतो. जुना इन्व्हर्टर अशाने गेला तर बॅटरीवर पैसे घालून वर हा खर्च.

त्यामुळे पैसे द्यायच्या आधी हे करा, जुनी बॅटरी जागेवर असतानाच. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रोब थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा, वायरवर कुठेतरी मधे नाही. कडक ऊन असताना मेनचा चार्जर बंद ठेवून बॅटरी भरत आली की आकडा कुठपर्यंत चढतो ते बघा. मग दुसऱ्या दिवशी पॅनलचा स्विच पाडून फक्त मेनवर तेच बघा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. जुन्या बॅटरीचा एखादा सेल शॉर्ट असेल तर व्होल्टेज वर चढणारच नाही आणि तुम्हाला खोटं समाधान मिळेल, तेव्हा मॅन्युअलमधले बूस्ट (भरतानाचा वरचा व्होल्टेज), फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज) आणि इक्वलायझेशनचे आकडेसुद्धा बघाच. आणि कंट्रोलरमधून एक बारीक वायर निघून बॅटरीला चिकटवलेली दिसली तर तो तापमानाचा सेन्सर. लेड ॲसिडला थंडीत जास्त व्होल्टेज लागतो म्हणून तो गार हवेत आकडा वाढवतो, १४.४ चे सहज १४.७-१४.८ होतात. लिथियमसाठी ते टेम्परेचर कॉम्पेन्सेशन शून्य करायचं.

ज्या मशीनमधे लिथियम मोड किंवा स्वतः आकडे भरायची सोय आहे तिथे प्रश्नच नाही. जिथे फक्त ट्युब्युलर, फ्लॅट आणि एसएमएफ (सीलबंद, पाणी न घालायची) किंवा जेल एवढेच पर्याय आहेत तिथे एसएमएफ किंवा जेल मोड बऱ्याचदा चालून जातो कारण त्यात व्होल्टेज कमी असतो आणि इक्वलायझेशन सहसा नसतं, पण मीटरवर स्वतः बघून मगच. फ्लोट १३.४ ते १३.६ पर्यंत ठीक. आणि एकही मोड बसत नसेल तर माझं स्पष्ट मत, कंट्रोलर बदला, आणि इन्व्हर्टरचा आतला चार्जर बंद करता येत असेल तर तो बंद करून फक्त सोलरवर चालवा. तेही जमत नसेल तर पुन्हा चांगली ट्युब्युलरच घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: १५० एएचच्या जागी १०० एएच लिथियम पुरते म्हणतात. हे कसं काय?

पुरते. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास, पण ट्युब्युलरला आयुष्य हवं असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे हातात ९०० आले. लिथियम १२.८ गुणिले १०० म्हणजे १२८०, त्यातले ८० टक्के रोज वापरले तरी तिला त्रास नाही, म्हणजे हजाराच्या थोडे वर. त्यात ट्युब्युलरवर जड लोड टाकला की तिची एएच आणखी कमी भरते, लिथियममधे हा फरक अगदी किरकोळ. चार्ज करतानाही लेड ॲसिडमधे १५ ते ३० टक्के ऊर्जा वाया जाते, लिथियममधे ५ ते ८ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे त्याच पॅनलवर बॅटरी लवकर भरते, ढगाळ दिवसांत हे फार जाणवतं.

फक्त एक गोष्ट बघा. ट्युब्युलर भरत आली की स्वतःच करंट कमी घेते आणि चार्जरला विश्रांती मिळते. लिथियम जवळपास शेवटपर्यंत पूर्ण करंट ओढत राहते, त्यामुळे जुन्या इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो आणि तापतो. चार्जिंग करंट कमी करायचं बटण असेल तर खालच्या पायरीवर ठेवा, आणि मागच्या फॅनसमोर सामान रचलेलं असेल तर काढा.

प्रश्न: लिथियम टाकल्यापासून इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर बॅटरी कायम फुल दिसते आणि मग काही न सांगता सगळं बंद होतं. लाइट आल्यावरही कधीकधी चार्जिंग सुरू होत नाही. बॅटरी खराब आहे का?

बहुतेक नाही. जुना इन्व्हर्टर व्होल्टेज बघून बॅटरी किती उरली ते सांगतो. ट्युब्युलरचा व्होल्टेज हळूहळू उतरतो म्हणून तो अंदाज जमायचा. एलएफपी मात्र ८० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत १३.३ ते १३.१ च्या आसपासच रेंगाळते आणि अगदी शेवटी धाडकन पडते. तिथे व्होल्टेजवरून काही कळत नाही, आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला हे मोजणारं शंटवालं मीटर लावा, किंवा बॅटरीला ब्लूटूथ ॲप असेल तर तेच बघत जा, डिस्प्लेवरच्या त्या दांड्या विसरा.

अचानक बंद होण्याचं कारण असं की इन्व्हर्टरचा लो-कट, म्हणजे बॅटरी उतरली की तो बंद होतो तो आकडा, १०.५ व्होल्टवर आहे. लिथियममधे १०.५ म्हणजे सेलमागे २.६, तिथे बॅटरीत काही उरलेलंच नसतं आणि कमजोर सेल आधीच २.५ च्या खाली गेलेला असतो, म्हणून इन्व्हर्टरच्या आधी बीएमएसच लाइन तोडतो. एकदा त्याने तोडलं की टर्मिनलवर व्होल्टेज दिसत नाही, आणि इन्व्हर्टरला वाटतं बॅटरीच जोडलेली नाही, म्हणून तो चार्जिंग सुरू करत नाही. लो-कट ११.५ ते १२ च्या मधे नेता येत असेल तर न्या, दोन्ही तक्रारी जातील. तोवर अशी झोपलेली बॅटरी उठवायला लिथियमचा वेगळा चार्जर काही मिनिटं लावावा लागतो.

प्रश्न: दोन ट्युब्युलरपैकी एक अजून चांगली आहे. तिच्या जोडीला पॅरलल लिथियम लावू का?

नको. ट्युब्युलर पूर्ण भरून शांत पडली की १२.७ च्या आसपास असते, लिथियम १३.३ ला. एकत्र बांधल्या की लिथियम रात्रंदिवस ट्युब्युलरला भरत बसते, आणि चार्जिंगचं कुठलंही सेटिंग दोघींना एकदम बसत नाही.

प्रश्न: घरात लहान मुलं आहेत. फोन आणि स्कूटरच्या बॅटऱ्या पेटल्याच्या बातम्या ऐकून लिथियमची भीती वाटते.

भीती समजू शकतो आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पण फोनमधे सहसा वेगळी केमिस्ट्री असते, कोबाल्ट किंवा निकेलवाली, आणि बऱ्याच गाड्यांमधेही. एलएफपी १९९७ मधे जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणली, ज्यांना पुढे २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल विभागून मिळालं. तिच्यात ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तापल्यावर तो सहजी सुटत नाही, त्यामुळे ती भडकायला खूप जास्त उष्णता लागते. पेटतच नाही असं मात्र कोणी सांगत असेल तर ऐकू नका. खरेदी करताना लेबलवर एलएफपी लिहिलंय का बघा, जुन्या गाड्यांचे सेल काढून बनवलेले बिननावाचे पॅक घरात आणू नका.

घरच्या सिस्टीममधे मला जास्त काळजी वाटते ती केबलची. लेड ॲसिडजवळ वर्षानुवर्षं राहिलेल्या केबलच्या टोकाला हिरवट-पांढरी भुकटी धरलेली असते, लगच्या (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) आत तांब्याच्या तारा काळ्या पडून ठिसूळ झालेल्या असतात, वरून रबर मात्र नव्यासारखं दिसतं. १२ व्होल्टवर ८०० वॉटचा लोड म्हणजे तोटा धरून साधारण ७५ अँपिअर, आणि तेवढा करंट असल्या जोडातून गेला की तो जोड तापतो. बॅटरी बदलताना केबलचं टोक ताज्या चमकत्या तांब्यापर्यंत कापून नवा लग दाबून बसवा, हातोडीने ठोकून नाही, क्रिंपिंग टूलने. पूर्ण लोडवर अर्धा तास चालवल्यावर सगळं बंद करा आणि लगेच लगला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसत असेल तर जोड पुन्हा करा.

आणि फ्यूज. लिथियमचा आतला रेझिस्टन्स इतका कमी असतो की शॉर्ट झालं तर हजारो अँपिअर वाहू शकतात. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरातच डीसीसाठी बनवलेला फ्यूज पाहिजेच, १०० अँपिअरच्या बीएमएसला साधारण १२५ चा, पण केबलही तेवढी जाड हवी. घरातल्या बोर्डातला एसी एमसीबी तिथे चालत नाही, डीसीचा आर्क त्याला तोडता येत नाही.

प्रश्न: काढलेली जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली तर चालेल?

अधिकृत रिसायकलिंगला पाठवणाऱ्या डीलरलाच द्या, नवी घेताना परत घेतात का ते विचारा. शिशाचं भंगार उघड्यावर वितळवलं की धूर आणि धूळ आसपासच्या घरांत जाते आणि सगळ्यात जास्त इजा लहान मुलांच्या मेंदूला होते. नेताना बॅटरी उभीच ठेवा, टर्मिनलवर टेप लावा आणि वजन कमी करायला म्हणून आतलं ॲसिड मोरीत ओतू नका.