एनडीएच्या तयारीसाठी सोळाव्या वर्षी वजने उचलावीत का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझ्या मुलाला सोळावे वर्ष पूर्ण झाले असून तो यंदा अकरावीत आहे आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचे हे त्याने पक्के ठरवले आहे. तीन महिन्यांपासून तो घराजवळच्या जिममध्ये जातो. माझे सासरे तरुणपणी इथल्या तालमीत घुमलेले असल्यामुळे त्यांचे म्हणणे असे की या वयात वजने उचलली तर उंची खुंटते, जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार पुरेसे आहेत. जिममधले प्रशिक्षक मात्र छाती आणि दंड भरून येण्यासाठी रोज व्यायाम करायला आणि डब्यातली पावडर घ्यायला सांगतात. मुलाची उंची १७० सेंटीमीटर आणि वजन ५४ किलो आहे. तो २५ पुशअप काढतो, चिनअप मात्र दोनच. २.४ किलोमीटर तो साडेतेरा मिनिटांत धावतो, परंतु अलीकडे धावताना त्याच्या नडग्या दुखतात. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक आई, इंदूर

उत्तर : आपण मुलाची मापे आणि आकडे व्यवस्थित कळवलेत, त्यामुळे नेमके उत्तर देणे सोपे झाले आहे.

प्रथम उंचीविषयी, कारण घरातला वाद तिथूनच सुरू झालेला दिसतो. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते, हाड तिथून लांबीला वाढते आणि वाढीचे वय संपता संपता ती पट्टी हाडात मिसळून जाते. वजन अंगावर पडले, तोल जाऊन माणूस पडला किंवा झेपत नसलेले वजन हिसका देऊन उचलले, तर या पट्टीला इजा होऊ शकते, आणि आपल्या सासऱ्यांच्या पिढीने अशी एखादी दुखापत पाहिली असेल तर त्यांची काळजी निराधार म्हणता येणार नाही. परंतु जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांमुळे वाढत्या मुलाची उंची खुंटत नाही, हे आज बालरोगतज्ज्ञ आणि क्रीडावैद्यक या दोघांनाही मान्य आहे. उंचीला खरा धोका आहे तो स्नायू फुगवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडांचा. ही द्रव्ये पुरुषी संप्रेरकांच्या जातीची असल्यामुळे वाढीच्या पट्ट्या वेळेआधीच मिटवतात आणि मिटलेली पट्टी पुन्हा उघडत नाही. म्हणून मुलाला कोणी ‘लवकर फरक दिसण्यासाठी’ गोळी किंवा इंजेक्शन सुचवले, तर त्याच दिवशी ती जागा सोडावी. साधी प्रथिनांची पावडर या वर्गात मोडत नाही, पण तिची गरजही नाही, आणि विश्वासार्ह नसलेल्या डब्यात नेमके काय मिसळलेले आहे हे घरी बसून कळण्याचा मार्ग नसतो.

आता प्रबोधिनीला काय हवे आहे ते पाहू. परीक्षेच्या अधिसूचनेत संघ लोकसेवा आयोग उमेदवारांना तयारीचे मापच सांगतो : २.४ किलोमीटर १५ मिनिटांत धावणे, दोरीच्या उड्या, पुशअप आणि सिटअप प्रत्येकी किमान २०, चिनअप किमान ८ आणि ३ ते ४ मीटर दोर चढणे. लेखी परीक्षेनंतर सैन्यदलांच्या निवड मंडळापुढे (एसएसबी) होणाऱ्या पाच दिवसांच्या मुलाखतीत तीन मिनिटांत दहा अडथळे पार करायचे असतात आणि गटाबरोबर ओंडके, दोर, भिंती यांच्याशी झगडायचे असते. या सगळ्यांत उचलायचे, ओढायचे किंवा पुढे ढकलायचे वजन मुख्यतः स्वतःच्या शरीराचेच असते. आपला मुलगा धावण्यात आणि पुशअपमध्ये या मापाच्या पुढे आहे, कमी आहे ती ओढण्याची ताकद. जिममध्ये छाती आणि दंडावर खर्च होणारे त्याचे तास म्हणूनच चुकीच्या खात्यात जमा होत आहेत.

दोनवरून आठ चिनअपवर जाण्यासाठी रोज बारला लटकून झटापट करण्याचा उपयोग होत नाही. त्याने स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर असेल अशी पकड घ्यावी, पाय सोडावेत आणि मनात पाच अंक मोजत अंग सावकाश खाली आणावे. खाली येताना स्नायू जेवढा भार पेलतो तेवढा तो वर जाताना पेलू शकत नाही, आणि ताकद नेमकी या उतरण्यात घडते. अशा तीन-तीन उतरणी, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती घेऊन, चार वेळा कराव्यात. त्यानंतर कमरेइतक्या उंचीच्या बारखाली उताणे लटकून, टाचा जमिनीवर आणि अंग फळीसारखे ताठ ठेवून, छाती बारपर्यंत ओढावी. याचे आठ ते दहाचे तीन फेरे पुरेत. शेवटी हात पूर्ण ताणून वीस-तीस सेकंद नुसते लटकावे, म्हणजे पकड घट्ट होते. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, एवढे केले आणि आठवड्याला पुरी एकही चिनअप वाढली नाही तरी मुलाने धीर सोडू नये. माझ्या अनुभवात या अंगकाठीच्या मुलांना आठाचा आकडा गाठायला चार ते सहा महिने लागतात, आणि त्यातला पहिला दीड महिना काहीच घडत नसल्यासारखा वाटतो. झोके घेऊन, गुडघे झाडून काढलेली चिनअप मोजू नये.

दोरासाठी इंदुरात दूर जावे लागणार नाही. मल्लखांब हा मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यक्रीडा म्हणून स्वीकारलेला खेळ आहे, आणि दोरीचा मल्लखांब शिकवणारे कोणी जवळपास असेल तर आठवड्यातून एक दिवस मुलाला त्यांच्याकडे अवश्य पाठवावे. दोर हातांनी नव्हे तर पायांच्या अढीने चढायचा असतो, ही गोष्ट तिथे आपोआप अंगवळणी पडते.

वजने घ्यावीत का, या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘होय, पण ठरावीक कामासाठी’ असे आहे. छातीशी एक डंबेल धरून मारलेली बैठक आणि कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून जमिनीवरून उचललेले वजन, या दोन गोष्टी त्याने जिममध्ये नीट शिकून घ्याव्यात, कारण पुढे पाठीवर ओझे घेऊन चालण्या-धावण्याचा भार मांड्या, नितंब आणि कंबर यांनाच वाहायचा आहे. सुरुवातीला बारा-पंधरा वेळा सहज होईल इतकेच वजन असावे. पद्धत न बिघडता ते झाले की दहा-दहा वेळांवर येऊन वजन थोडे वाढवावे, आणि एका खेपेची वाढ आधीच्या वजनाच्या पाच-दहा टक्क्यांपलीकडे नसावी. ‘एका दमात जास्तीत जास्त किती’ हे पाहण्याची हौस मित्रांच्या घोळक्यात हमखास होते, ती या वयात पूर्णपणे टाळावी. शेवटी दोन्ही हातांत डंबेल किंवा खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन पन्नास-साठ पावलांच्या चार-पाच फेऱ्या माराव्यात. साधा दिसणारा हा व्यायाम अंगाला फार लागतो.

आपल्या सासऱ्यांचा जोर हा उत्तम व्यायाम आहे आणि तो सोडू नये. मात्र जोरात अंग कमानीसारखे खाली जाऊन वर येते, तर पुशअपमध्ये डोक्यापासून टाचेपर्यंत एकच सरळ रेषा लागते. नुसत्या जोरांवर वाढलेल्या मुलांची कंबर पुशअप काढताना खाली पडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून दोन्ही वेगवेगळे करावेत आणि मोजणीचे काम आजोबांकडे द्यावे. ज्याने तालमीची माती अंगाला लावली आहे, त्याची नजर कमरेचा बाक आणि अर्धवट बैठक अचूक पकडते. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखत असेल, तर तेवढे दिवस खोल बैठका बंद ठेवाव्यात. भराभर उंची वाढणाऱ्या मुलांत ते दुखणे नेहमी दिसते.

आपल्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आपण शेवटच्या ओळीत लिहिली आहे : नडग्या दुखतात. याच दुखण्याकडे दुर्लक्ष करून धावत राहिलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आणि निवडीच्या तोंडावर त्याचे कित्येक आठवडे धावण्यावाचून गेले. ‘आधी का सांगितले नाहीस’ असे विचारल्यावर, सैन्यात जाणाऱ्याने दुखणे सांगायचे नसते असे त्याला वाटत होते, हे त्याचे उत्तर मी विसरलेलो नाही. आपल्या मुलाचीही अशीच समजूत असेल तर ती आजच दूर करावी. दुखणे नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक वेळा तो अतिश्रमाचा दाह असतो. दोन-तीन आठवडे धावणे निम्म्यावर आणावे, डांबरी रस्ता सोडून मैदानाच्या मातीवर धावावे, झिजलेले बूट बदलावेत आणि पायरीच्या कडेवर उभे राहून पोटऱ्या वर-खाली करण्याचा व्यायाम सावकाश करावा. पण बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर कळ येत असेल, रात्री किंवा नुसते बसल्या जागी दुखत असेल, तर धावणे पूर्ण थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. साडेतेरा मिनिटे ही वेळ मागितलेल्या मापाच्या आत असल्यामुळे धावणे कमी केल्याने काहीही बिघडणार नाही. दुखणे थांबल्यावर आठवड्यातून एकदा रालामंडलच्या टेकडीवर भरभर चढून जावे. चढावर दम वाढतो आणि पायांना सपाटीवरच्या धावण्याइतके हादरे बसत नाहीत. उतरताना मात्र चालतच यावे. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी आठनंतर धावणे नको.

आहाराच्या बाबतीत हिशेब सरळ आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्या ५४ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ६५ ते ८५ ग्रॅम प्रथिने पुरतात. अर्धा लिटर दूध, वाटीभर दही, दोन वाट्या घट्ट वरण, मूठ-दोन मूठ फुटाणे, मूठभर शेंगदाणे आणि दिवसभरात सात-आठ पोळ्या एवढ्यात ती जवळपास भरून निघतात, आणि घरात अंडी चालत असतील तर दोन अंड्यांतून बारा ग्रॅम आणखी मिळतात. सकाळच्या पोह्यांवर आपल्याकडे जिलबी येते. त्याऐवजी मोड आलेले मूग आणि एक पेला दूध असावे, रविवारची जिलबी त्याने खुशाल खावी. त्याचे वजन उंचीच्या मानाने मर्यादेत असले तरी कमीकडे झुकणारे आहे, तेव्हा पोटभर जेवण हीच त्याची पहिली गरज आहे, आणि दोन वेळच्या भातावर तूप घालताना आपण हात आखडू नये.

ताकदीच्या व्यायामाला आठवड्यातून तीन दिवस पाऊण-पाऊण तास द्यावा, त्याहून जास्त नको. लेखी परीक्षा ९०० गुणांची आहे, त्यांतले ३०० गणिताचे; निवड मंडळाकडे आणखी ९०० गुण आहेत, आणि चिनअपला त्यांत वेगळे गुण नाहीत. रात्री आठ तासांहून कमी झोप घेऊन पहाटे जिमला जाणाऱ्या मुलाची ताकद वाढत नाही आणि गणितही कच्चे राहते. एक काम मात्र लवकर करावे : सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे, दृष्टी, कान आणि दात यांची तपासणी आताच एकदा करून घ्यावी, म्हणजे ज्यावर उपाय आहे त्याला वर्षभराचा अवधी मिळेल.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे आणि मलाही प्रबोधिनीत जायचे आहे. माझी एकही चिनअप होत नाही. मुलींना ती जमतच नाही, असे मैत्रिणी म्हणतात. हे खरे आहे का?
— दहावीतील एक वाचक, इंदूर

उत्तर : खरे नाही. प्रबोधिनीत मुलींचा प्रवेश २०२२ मध्ये सुरू झाला आणि १७ छात्र मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये तिथून बाहेर पडली. मुलींच्या खांद्यांत आणि दंडांत सुरुवातीची ताकद मुलांपेक्षा कमी असते, म्हणून वेळ अधिक लागतो, एवढाच फरक आहे. वर सांगितलेल्या सावकाश उतरणी तूही कर, पण आधी दोन महिने उताणे लटकून छाती ओढण्याचा व्यायाम आणि नुसते लटकणे पक्के कर. उंचावरून उडी मारताना गुडघे एकमेकांकडे वळू न देता, ते वाकवून, हलके उतरण्याची सवय आत्ताच लाव, कारण अडथळे पार करताना मुलींच्या गुडघ्याच्या दुखापती अनेकदा उतरताना होतात. एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. आणि व्यायाम वाढवल्यावर पाळी लांबू लागली किंवा बंद झाली, तर ते अंगाला पुरेसे अन्न मिळत नसल्याचे लक्षण असू शकते; अशा वेळी लाजून गप्प न बसता आईला सांग, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि जेवण वाढव.