पगारवाढ, स्लॅब आणि खरा कर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

(खालील सर्व आकडेमोड आर्थिक वर्ष २०२५-२६ आणि नवीन करप्रणाली यांसाठी आहे.)

प्रश्न : मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत नोकरीला आहे. माझे वार्षिक पॅकेज १७,७५,८०० रुपये असून त्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा १,००,८०० रुपयांचा हिस्साही धरलेला आहे. माझ्या खात्यात मात्र वर्षभरात १४,४९,४०० रुपयेच जमा झाले. म्हणजे अठरा टक्क्यांहून अधिक रक्कम करात गेली, असे मी समजतो. आता वर्षाला ५०,००० रुपयांची पगारवाढ मिळणार आहे. पण त्यामुळे मी वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाईन आणि हातात उलट कमीच पडेल, असे सहकारी सांगतात. माझा खरा कर किती? आणि पूर्वी कुडाळला असताना कापला जाणारा व्यवसाय कर इथे का दिसत नाही?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पॅकेजमध्ये आणि खात्यात जमा झालेल्या रकमेत ३,२६,४०० रुपयांचा फरक आहे, हे बरोबर, परंतु हा सगळा फरक कराचा नाही. त्यातील २,०१,६०० रुपये भविष्यनिर्वाह निधीत गेले आहेत, निम्मे आपल्या पगारातून आणि निम्मे कंपनीकडून. हे पैसे आपलेच आहेत व व्याजासह आपल्याला परत मिळणार आहेत. पगारपत्रकावर भविष्यनिर्वाह निधी आणि टीडीएस (उगमाशीच कापलेला आयकर) एकाच ‘कपात’ या रकान्यात छापले जात असल्यामुळे बचतीलाही कर समजण्याची चूक फार सहज होते, आणि त्यामुळे स्वतःच्या मिळकतीविषयी विनाकारण निराशा वाटू लागते.

प्रत्यक्ष कर असा निघतो. कंपनीचा निधीतील हिस्सा वगळता आपला पगार १६,७५,००० रुपये आहे. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र उत्पन्न १६,००,००० रुपये उरते. पहिल्या चार लाखांवर कर शून्य, पुढच्या चार लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर दहा टक्क्यांनी ४०,००० आणि शेवटच्या चार लाखांवर पंधरा टक्क्यांनी ६०,००० असे मिळून १,२०,००० रुपये होतात. त्यावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर धरला की १,२४,८०० रुपये. पगाराशी ताडून पाहिल्यास हे प्रमाण साधारण साडेसात टक्के येते. आपल्या मनातील अठरा टक्के कुठे आणि हे साडेसात कुठे, हे आपण स्वतः कागदावर मांडून पाहावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

पगारवाढीचेही तसेच. वीस टक्के हा दर सोळा लाखांच्या वर गेलेल्या रकमेपुरताच लागतो, संपूर्ण पगाराला नव्हे. म्हणून ५०,००० रुपयांच्या वाढीवर १०,००० रुपये कर आणि ४०० रुपये उपकर पडेल, आणि उरलेले ३९,६०० रुपये आपले राहतील. एकूण कराचे प्रमाण साडेसातवरून ७.८४ टक्क्यांवर जाईल, इतकेच. वाढ नाकारण्याचा विचार मनातून काढून टाका.

मात्र सहकाऱ्यांची भीती निराधार नाही, कारण उत्पन्नाचा एक पट्टा खरोखरच असा आहे. करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ खालील सवलतीमुळे कर शून्य होतो. नोकरदारासाठी ही मर्यादा पगाराच्या १२,७५,००० रुपयांवर येते. त्यापुढे जाताच सगळा कर एकदम अंगावर पडू नये म्हणून कायद्याने सीमान्त सवलत दिली आहे, परंतु तिचा अर्थ एवढाच की बारा लाखांवर जितकी रक्कम जाईल त्यापेक्षा कर जास्त असणार नाही. उदाहरणार्थ, करपात्र उत्पन्न १२,१०,००० झाले तर कर १०,००० रुपये, आणि त्यावर उपकर ४०० रुपये! वाढलेले दहा हजार तर जातातच, वर चारशे रुपये खिशातून द्यावे लागतात. करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ रुपये होईपर्यंत हीच स्थिती राहते. ज्यांचा पगार तेरा लाखांच्या आसपास आहे, त्यांनी वाढीचा काही भाग कंपनीकडून राष्ट्रीय पेन्शन योजनेत घेऊन करपात्र उत्पन्न कमी करता येते का, हे जरूर विचारावे. आपण त्या पट्ट्याच्या बरेच पुढे आहात.

व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे आणि गोव्यात तो नाही. महाराष्ट्रात आपण भरत होता ते वर्षाचे २,५०० रुपये ही राज्यघटनेच्या कलम २७६ ने घातलेली कमाल मर्यादा आहे.

प्रश्न : आमचा विवाह गोव्यातच नोंदवला गेला असून विवाहपूर्व करार केलेला नाही. पतीचे करपात्र वेतन १७ लाख रुपये आहे. त्यांच्या नावावरील सदनिकेचे भाडे महिना ३०,००० रुपये येते. माझे उत्पन्न म्हणजे मुदत ठेवींचे वर्षाचे ६०,००० रुपये व्याज. पुण्याचे एक करसल्लागार सगळे भाडे पतीच्याच विवरणपत्रात दाखवतात. हे योग्य आहे का?
– एक वाचिका, म्हापसा

उत्तर : योग्य नाही, पण गोव्याबाहेरच्या सल्लागाराच्या हातून हे होणे समजण्यासारखे आहे. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार गोव्यात, वेगळा करार नसल्यास, पती-पत्नींची मालमत्ता समाईक मानली जाते आणि १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५अ त्याचीच दखल घेते. या कलमानुसार वेतन सोडून इतर प्रत्येक शीर्षाखालील उत्पन्न दोघांत समसमान विभागावे लागते. वेतन मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहते. ही ऐच्छिक सवलत नसून नियम आहे, त्यामुळे केवळ भाडे वाटून घेऊन आपले व्याज आपल्यापुरते ठेवता येणार नाही.

घरपट्टीची वजावट बाजूला ठेवली, तर ३,६०,००० रुपये भाड्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट जाऊन २,५२,००० रुपये उरतात. दोघांच्या वाट्याला प्रत्येकी १,२६,०००. व्याजाचे प्रत्येकी ३०,०००. म्हणजे पतीच्या उत्पन्नात १,५६,००० रुपये मिळवले जातील आणि वीस टक्के दराने, उपकरासह, ३२,४४८ रुपये वाढीव कर येईल. आपल्या वाट्याचे १,५६,००० रुपये चार लाखांच्या आत असल्याने त्यांवर कर नाही. सध्या सगळे भाडे पतीकडे दाखवल्याने ५२,४१६ रुपये भरले जात आहेत; फरक १९,९६८ रुपयांचा आहे, आणि तो दरवर्षीचा आहे.

यासाठी ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ चालत नाही. पतीने आयटीआर-२ घेऊन त्यातील अनुसूची ५अ भरावी. तिथे आपला पॅन, विभागलेले उत्पन्न आणि विभागलेला टीडीएस असे सगळे रकाने आहेत. बँकेने आपल्या व्याजावर टीडीएस कापला असेल, तर त्याचाही निम्मा भाग पतीकडे दाखवावा लागतो, नाहीतर हिशेब जुळत नाही. चालू विवरणपत्र चुकीचे भरले गेले असेल, तर मुदतीच्या आत सुधारित विवरणपत्र द्यावे. एक सावधगिरी मात्र हवी : केवळ घर गोव्यात आहे म्हणून हे कलम लागू होत नाही. आपला विवाह कोणत्या मालमत्ता-पद्धतीखाली आहे, ते महत्त्वाचे. म्हणून विवाह नोंदणीची प्रत सल्लागारांना आधी दाखवावी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. निवृत्तिवेतन महिना ४०,००० रुपये. आयकर लागत नाही, म्हणून ‘तुम्ही कुठे कर भरता?’ असे घरातली तरुण मंडळी म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : मुळीच नाही. आपला आयकर शून्य आहे हे खरे, पण खरेदी करताना आपण रोज कर भरता आणि खर्चावरचा हा कर उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिल्यास काही श्रीमंतांहून अधिक भरता.

हिशेब करताना एक चूक टाळावी. वस्तूच्या छापील किमतीत जीएसटी आधीच मिसळलेला असतो, म्हणून ११८ रुपयांच्या वस्तूत कर १८ रुपये असतो; ११८ च्या अठरा टक्के नव्हे. पाच टक्के दराच्या वस्तूत १०५ रुपयांमागे ५ रुपये. बिलाच्या तळाशी सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी असतात, एक केंद्राची व एक गोवा राज्याची. दोन्हींची बेरीज घ्यावी. काही लहान दुकानदार कंपोझिशन योजनेत (ग्राहकाकडून वेगळा कर न घेता उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची योजना) असल्याने त्यांच्या बिलावर कर दिसतच नाही, पण त्यांनी माल घेताना भरलेला कर किमतीत असतोच.

समजा, महिन्याला ताजी मासळी, भाजी, दूध, सुटे उकडे तांदूळ आणि डॉक्टरांची फी यांवर आपले १२,००० रुपये जातात. यांवर जीएसटी नाही. साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, पाकिटातले धान्य यांचे ६,३०० रुपये धरू. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण-टूथपेस्टवरचा दर अठरावरून पाचवर आला असल्याने यात कर ३०० रुपये. औषधांचे २,१०० रुपये, कर १००. फोन, टीव्ही आणि किरकोळ दुरुस्त्या २,३६० रुपये, कर ३६०. महिन्याला ७६० आणि वर्षाला ९,१२० रुपये, म्हणजे आपल्या निवृत्तिवेतनाच्या १.९ टक्के. वर उल्लेखलेल्या फोंड्याच्या वाचकांनी याच वस्तूंवर दुप्पट खर्च केला, तरी त्यांचा हा कर पगाराच्या १.१ टक्क्याच्या आसपासच राहील, कारण त्यांच्या मिळकतीतला मोठा भाग खर्च न होता शिल्लक पडतो. ज्याची मिळकत महिनाअखेर संपते, त्याला खर्चावरचा कर प्रमाणात जास्त भरावा लागतो. ही गोष्ट घरातल्या तरुणांना आकड्यांसह जरूर दाखवावी.

यात स्कूटरच्या पेट्रोलचा समावेश नाही. पेट्रोल जीएसटीच्या बाहेर असून त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रकमेने आणि राज्याचा व्हॅट टक्केवारीने लागतो. पंपावरच्या पावतीत ते वेगळे दाखवले जात नाहीत. वीज बिलातील वीज शुल्क मात्र स्वतंत्र ओळीत असते आणि घरपट्टीची पावतीही हाताशी असते. या दोन रकमा वरील ९,१२० रुपयांत मिळवल्या, म्हणजे आपला वर्षाचा आकडा पेट्रोलवरील कर वगळता जवळजवळ पूर्ण होईल.