हॉटेल बंद करा, पण किल्ली एवढ्यात देऊ नका

प्रश्न : माझ्या वडिलांनी पागडीच्या जागेत ४१ वर्षं हॉटेल चालवलं. शेवटची १२ वर्षं मी त्यांच्याबरोबर गल्ल्यावर बसत होते, माल, हिशेब, कामगार सगळं बघत होते. साडेचार महिन्यांपूर्वी ते गेले आणि तेव्हापासून शटर खाली आहे. भाडेपावती त्यांच्याच नावाची. जागामालक म्हणतात, ‘भाडेकरू गेले, हक्क संपला. तरी माणुसकी म्हणून थोडी रक्कम देतो, कागदावर सही करा आणि किल्ली द्या.’ त्यांना इमारत पाडून नवी बांधायची आहे. परगावी असलेला भाऊ म्हणतो, मिळतंय ते घेऊन मोकळी हो. ११ कामगार आहेत, त्यातले एक काका २६ वर्षांपासून. मॅनेजर म्हणतात, नावासकट मला चालवायला द्या. रोजची गिऱ्हाइकं तर ‘बंद करू नका’ म्हणून सह्यांचं पत्र घेऊन घरी आली. पण एकटीने चालवणं मला झेपणार नाही. मी शटरवर ‘कायमचे बंद’ असा कागद लावला आहे. सही करू का?

उत्तर : ताई, सही करू नका. आणि तो शटरवरचा कागद आजच्या आज काढून घ्या.

दारापर्यंत येऊन परत जाणाऱ्या माणसांना कळावं म्हणून तुम्ही तो लावलात, हे मला समजतं. पण त्या कागदाचा फोटो उद्या मालकाच्या दाव्याला पुरावा म्हणून जोडला जाईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये जागा खाली करून घेण्याची जी कारणं दिली आहेत, त्यातलं एक असं : ज्या कामासाठी जागा दिली, त्या कामासाठी ती वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर मालक ताबा मागू शकतो. हे सहा महिने दावा दाखल होण्याच्या तारखेपासून मागे मोजतात. तुमचे साडेचार झाले. वडिलांचं जाणं हे वाजवी कारण आहे, असं मी कोर्टात नक्की मांडेन. पण आपणच ‘कायमचे बंद’ लिहून ठेवलं असेल, तर तो युक्तिवाद लंगडा होतो.

हॉटेल बंद करणं वेगळं आणि जागेवरचा हक्क सोडणं वेगळं. पहिला निर्णय तुमचा आहे आणि तो तुम्ही घेतलाय. दुसरा अजून घेतलेला नाही. मालक मात्र पहिल्याच्या आडून तो तुमच्याकडून घेऊ पाहतायत.

‘भाडेकरू गेले, हक्क संपला’ हे साफ चूक आहे. याच कायद्याच्या कलम ७(१५)(ड) मध्ये भाडेकरूच्या मृत्यूनंतर भाडेकरू कोण, हे लिहून ठेवलं आहे. धंद्याच्या जागेत, मृत्यूच्या वेळी त्यांच्याबरोबर तिथे धंदा करत असलेल्या कुटुंबातल्या व्यक्तीला पहिला मान मिळतो. तशी कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. आपसांत एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. मुलगा की मुलगी, लग्न झालेली की न झालेली, असा भेद त्या कलमात नाही. १२ वर्षं गल्ल्यावर तुम्ही बसलात, तेव्हा हा हक्क सांगण्याची खरी जागा तुमची आहे.

मात्र ते नुसतं सांगून चालत नाही, दाखवावं लागतं. मालाच्या बिलांवरच्या तुमच्या सह्या, बँकेत भरणा केलेल्या स्लिपा, पगाराच्या वहीतलं तुमचं अक्षर, पुरवठादारांशी झालेले मेसेज हे सगळं एका फाइलमध्ये लावा. विजेची बिलंही ठेवा; जागा कधीपर्यंत चालू होती, हे मीटरच्या युनिटवरून दिसतं. सह्यांचं जे पत्र आलंय, तेसुद्धा जपून ठेवा. हॉटेल चालू ठेवायला कायदा कोणाला भाग पाडत नाही, त्यामुळे त्या अर्थाने ते पत्र उपयोगाचं नाही. पण ‘ही बाई इथे रोज बसायची’ असं सांगू शकणारी इतकी माणसं त्यात आयती सापडतात. त्यातली दोघं-तिघं प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाली, तर तो पुरावा फार मोलाचा ठरतो.

या आठवड्यात मालकांना स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पत्र पाठवा. वडिलांच्या निधनाची तारीख, तुम्ही त्यांच्याबरोबर धंदा करत होतात ही वस्तुस्थिती, भाडेकरू म्हणून तुमचं नाव लावण्याची मागणी आणि थकलेलं भाडं, एवढंच लिहा. भाडं बँकेतून पाठवा. त्यांनी परत केलं तर मनीऑर्डर करा आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ती परत आली की पावतीसह ठेवून द्या. थकबाकीवरून दावा लावायचा तर मालकाला आधी ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दावा झालाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली आणि पुढेही भरत राहिलात, तर त्या कारणावर जागा खाली करण्याचा हुकूमनामा होत नाही. तेव्हा भाड्याच्या धमकीला घाबरू नका.

शटरचं काय करायचं? सहा महिने भरायच्या आत ते वर गेलं पाहिजे, छोट्या प्रमाणात का होईना. त्यात एक अडचण आहे. अन्न परवानाधारक वारला तर परवाना ९० दिवसच वारसांच्या उपयोगी राहतो, किंवा अधिकारी वाढवून देतील तितके दिवस. ती मुदत तुमच्या हातून गेली आहे. म्हणून मुदतवाढ किंवा स्वतःच्या नावाने नवा परवाना मागा आणि अर्जाची पोच सांभाळा. परवाना यायला वेळ लागला, तरी बंद राहण्याचं कारण काय, हे ती पोच सांगते. शटरवर नवा कागद लावायचाच असेल तर लिहा : ‘हॉटेलमालकांच्या निधनामुळे तात्पुरते बंद. परवाना प्रक्रिया सुरू आहे.’ हे खरंही आहे.

मॅनेजरना ‘कंडक्टिंग’ला, म्हणजे धंदा त्यांच्या हाती चालवायला, देण्याचा मोह होईल. ते तुमच्या घरचे असल्यासारखे असतील, पण मालकाच्या लेखी संमतीशिवाय हे करू नका. कराराचं नाव काहीही असलं, तरी ताबा दुसऱ्याकडे गेला की कोर्ट त्याला पोटभाडं म्हणू शकतं आणि पोटभाडं हेही जागा खाली करण्याचं कारण आहे. त्यांना पगारावर ठेवून तुमच्या नावाने धंदा चालू ठेवता येईल. गल्ला आणि किल्ली तुमच्याकडे हवी.

नावाचा प्रश्न वेगळा. पाटीवरचं नाव हा धंद्याचा नावलौकिक आहे आणि तो वारसांचा आहे. नोंदणी नसली तरी इतक्या वर्षांच्या वापरामुळे त्याला संरक्षण मिळतं, तरीही ४३ व्या वर्गात, म्हणजे खाणं-पिणं पुरवणाऱ्या सेवांच्या वर्गात, व्यापारचिन्हाचा अर्ज करून टाका. मग मॅनेजर दुसऱ्या जागेत ते नाव वापरू इच्छित असतील तर लेखी परवानगी द्या, अटी घालून. वडिलांचं नाव चांगल्या हातात चालू राहिलेलं पाहणं तुम्हाला आवडेल, असं तुमच्या पत्रातून वाटलं. तोंडी मात्र काही देऊ नका.

आता इमारतीबद्दल. पाडून नवी बांधण्यासाठी जागा हवी, हे कारण कायद्यात आहे. पण त्यासाठी कोर्टात जाऊन गरज खरी आहे, हे सिद्ध करावं लागतं आणि नव्या इमारतीत भाडेकरूच्या जागेची सोयही पाहिली जाते. ‘इमारत पडली की तुमचं काही राहत नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि विसरून जा. महाराष्ट्रातल्याच एका भाड्याच्या जागेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की इमारत पाडली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही.

या सगळ्यानंतर हक्क सोडायचाच असेल, तर खुशाल सोडा. त्याचा मोबदला घेणं गुन्हा नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५६ ते कायदेशीर ठरवतं. तेव्हा ‘माणुसकी म्हणून’ हा शब्द मनातून काढा. एक तर पूर्ण मोबदला, नाही तर नव्या इमारतीत तळमजल्यावर रस्त्याकडची तितकीच जागा, नोंदणीकृत करारासह. त्यांनी दिलेल्या कागदावर ‘शांततापूर्ण व रिकामा ताबा आज रोजी दिला’ असं वाक्य बहुतेक असेलच. तसं असेल तर, पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय त्याखाली सही नको. किल्ली तर त्याहून नको. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे भाडेहक्क वागण्यातूनही सोडला जाऊ शकतो आणि मालकाच्या हातात किल्ली ठेवणं ही तशी वागणूक म्हणून पुढे आणली जाते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी ‘फक्त मोजमाप घ्यायला’ म्हणून किल्ली दिली होती. संध्याकाळपर्यंत कुलूप बदललं होतं. ताबा परत मिळवायला आम्हाला वर्षं लागली.

भावाचं म्हणाल, तर भाडेहक्कात तुमची बाजू भक्कम आहे. पण भांडी, फर्निचर, डिपॉझिट, नाव यांत आई, भाऊ आणि तुम्ही, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे तिघं सारखेच वारस. माझा सल्ला असा की मोबदल्याच्या वाटपाचं आधी तिघांत लेखी ठरवा, आईचा वाटा सगळ्यात आधी. भावाचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय मालकाशी आकड्यावर बोलू नका.

आणि ते काका. त्यांचं पत्रात तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, पण मला त्यांचीच काळजी जास्त वाटते. १० किंवा जास्त कामगार असले की ग्रॅच्युइटी लागू होते आणि नंतर संख्या घटली तरी लागूच राहते. पाच वर्षं सलग काम केलेल्या प्रत्येकाला, प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. काकांची २६ वर्षं म्हणजे शेवटच्या पगाराने बरोबर १५ महिन्यांचा पगार होतो. धंदा खरोखर बंद केलात तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर्षभर सलग काम केलेल्यांना प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई वेगळी. बंद होण्याच्या दिवसापर्यंतचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो.

हे आकडे मांडून बघा आणि मगच मालकांनी देऊ केलेल्या रकमेकडे पाहा. ती कामगारांच्या देण्यालाही पुरत नसेल, तर तुम्ही हक्कही घालवाल आणि कर्जही डोक्यावर घ्याल. जीएसटी नोंदणी रद्द करून त्यानंतर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरणं, मोबदल्यावरचा भांडवली नफ्याचा कर, ही कामं तुमचे सीए करतील. करार होण्याआधी त्यांच्याकडे एकदा बसा.

भाडेपावत्यांची जुनी वही, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि मालकांनी दिलेला तो कागद घेऊन याच आठवड्यात जवळच्या वकिलांकडे जा. किल्ली मात्र आईच्या कपाटात राहू द्या.